तळ्याकाठच्या रहिवाशाची भूमिका

"तुला चिठ्ठी नको. तू झोपडपट्टीवाली हो."

सर हे मराठीत म्हणाले. वर्गात मराठी कळणारे दोघंच, ते आणि मी. बाकी सगळे कन्नड, तमिळ, मल्याळी. स्टीलच्या वाटीत घड्या घातलेल्या चिठ्ठ्या होत्या. वाटी माझ्यापर्यंत आली आणि सरांनी ती उचलून मागच्या बाकावर दिली.

"तुला अभिनय करावा लागणार नाही," असं म्हणून ते हसले. मग वळून वर्गाला इंग्रजीत सांगितलं की हिला हा विषय जवळून माहीत आहे, म्हणून ही जबाबदारी मी मुद्दाम हिच्यावर टाकतोय. वर्गाने माना डोलावल्या. एका मुलीने तर माझ्याकडे कौतुकाने पाहिलं.

अपमान मराठीत. कौतुक इंग्रजीत. मी मध्ये बसलेली, कान तापलेले.

मी म्हैसूरमध्ये नगररचना आणि धोरण या विषयात एम.ए. करते. आमच्या अभ्यासात एक लुटुपुटूची जनसुनावणी असते. एखादा प्रकल्प घ्यायचा. विद्यार्थ्यांनी आयुक्त व्हायचं, बिल्डर व्हायचं, वारसातज्ज्ञ व्हायचं, रहिवासी व्हायचं. टेबलाभोवती बसून भांडायचं आणि शेवटी सगळ्यांनी मिळून एका ठरावावर यायचं. कोणी काय व्हायचं ते चिठ्ठी ठरवते. माझं चिठ्ठीने ठरवलं नाही.

यंदाचा प्रकल्प होता तळ्याकाठचं सुशोभीकरण. ते तळं आमच्या गल्लीच्या टोकाला आहे. सरांची स्वतःची सल्लागार कंपनी आहे आणि हे काम खरोखर त्यांच्याच कंपनीकडे होतं. कुणी लपवलं नव्हतं. उलट विद्यार्थ्यांना खऱ्या कामाचा अनुभव मिळतोय म्हणून कॉलेज खूश होतं.

आमची गल्ली टांगेवाल्यांची. इथे टांग्याला जटका म्हणतात. आमचे पूर्वज म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते, मराठी मुलखातून आलेले. तलवारी कधीच गेल्या, घोडे राहिले. माझे वडील, अप्पा, राजवाड्याभोवती पर्यटकांना फिरवतात. घरं लहान, मागे तबेले. झोपडपट्टी नाही. पण हे मी त्या दिवशी वर्गात बोलले नाही, कारण असती तरी त्यात लाजायचं काय, हे मला आधी स्वतःशी ठरवायचं होतं. ठरवायला वेळ लागला. इतकी वर्षं लाजच वाटत होती ना.

सर महाराष्ट्रातून नोकरीसाठी आलेले. पहिल्या दिवशी माझं आडनाव ऐकून त्यांना आनंद झाला. "अरे वा, आपली मुलगी!" म्हणाले. मग मी तोंड उघडलं. घरात बोलते तशीच बोलले, अर्धी मराठी, अर्धी कन्नड. त्यांचा चेहरा पडला.

"ही कुठली मराठी? घोड्यांशी बोलता का या भाषेत?"

तोवर त्यांना अप्पांचं काम माहीत नव्हतं. माहीत झालं तेव्हा आणखी जोरात हसले. त्यानंतर मला जे काही लागेल असं बोलायचं असे, ते मराठीत. कधी माझ्या डब्यावरून. कधी "तुझ्या अंगाला तबेल्याचा वास येतो, खिडकीपाशी बसत जा." चेहरा हसरा, आवाज मऊ. वर्गाला वाटायचं, सर हिच्याशी गावाकडच्या गोष्टी करतात. मला या भाषेची भीती बसली. घरी अप्पांनी हाक मारली तरी मी कन्नडमध्येच ओ द्यायचे. माझ्या आईबापाची भाषा! सांगते तेव्हा आजही संताप होतो.

पाहणीसाठी वर्गाने ड्रोन उडवला. आम्ही तळ्याच्या पलीकडच्या काठावर उभे होतो, पडद्याभोवती घोळका करून. आमची कौलं दिसली. मग आमची गच्ची. अम्मा संडिगे, म्हणजे तांदळाचे सांडगे, वाळत घालत होती. तिने मान वर केली. थेट माझ्याकडे पाहत असल्यासारखी, पण तिला मी दिसत नव्हते. खाली आमची घोडी चंद्री बिथरली, दोर ताणून गोल गोल फिरू लागली आणि अप्पा धावत आले.

"छान," सर म्हणाले. "जवळजवळ रिकामंच आहे."

आईबाप पडद्यावर हलताना दिसत होते आणि हा माणूस म्हणत होता, रिकामंच आहे.

त्यानंतर गोष्टी हळूहळू व्हायला लागल्या. गल्लीच्या टोकाला लाल फीत बांधलेल्या खुंट्या आल्या. कोणी ठोकल्या ते कुणी पाहिलं नाही. मग कोपऱ्यावरचा दिवा गेला. तक्रार केली, माणूस आला, वर बघून परत गेला. कचऱ्याची गाडी आधी एक दिवसाआड यायची, मग येईनाशी झाली. कचरा साठला, आणि त्याचे फोटो काढायला मात्र माणसं आली. मी पुस्तकात शिकले होते की वस्ती आधी बकाल होते आणि मग हटवली जाते. आता पाहत होते की आधी हटवायचं ठरतं आणि मग बकाल करतात. परीक्षेत असं उत्तर लिहिलं असतं तर गुण मिळाले नसते.

शेजारच्या घरातल्या माणसांनी सामान बांधून ठेवलं. कुठे जाणार, विचारलं तर म्हणाले, माहीत नाही, पण बांधलेलं बरं.

"पुट्टी, सुम्ने, उगाच काळजी नको करू," अप्पा म्हणाले. "महाराजांनी दिलेली जागा हाय. कोन काढतंय?"

पण ते आता चंद्रीला घराच्या पुढच्या बाजूला बांधायला लागले होते, डोळ्यांसमोर. रात्री अम्मा दोनदा उठून कडी बघायची.

सुनावणीच्या आधी सराव झाला. सरांनी मला घरून येताना जुनी साडी नेसून, केस न विंचरता यायला सांगितलं. "घरी असतेस तशी ये." मी रोजच्यासारखी चुडीदार घालून गेले. घरी मी तशीच असते.

सरावात मी नाही म्हटलं. आम्हाला तळ्यापासून लांब जायचं नाही, शहराबाहेर घोडे कुठे ठेवणार, गिऱ्हाईक कुठून आणणार, असं सगळं मुद्देसूद मांडलं. सरांनी हात वर केला.

"नाही म्हटलंस तर ठराव कसा होणार? थोडी कुरकुर कर, मग हो म्हण. या उपक्रमाचा नियमच तो आहे."

पुन्हा केलं. आयुक्त झालेल्या चंदनने विचारलं, मी कुरकुर केली, मग म्हणाले, हो, आम्ही तयार आहोत. कोपऱ्यात कॅमेरा चालू होता. मला वाटलं, प्रकाश बघतायत.

प्रत्यक्ष सुनावणीला पाहुणे आले. महापालिकेतले दोन अधिकारी, कंपनीची माणसं. भिंतीवर मोठं चित्र लावलेलं. तळ्याकाठी फरसबंदी रस्ता, दिवे, बाकं, आणि त्या रस्त्यावरून जाणारा एक सजवलेला टांगा. टांगा होता. टांगेवाल्याची गल्ली नव्हती. घोडा संध्याकाळी कुठे जाणार होता, ते चित्रकाराला कुणी विचारलं नव्हतं.

सुरू होण्याआधी सर पाहुण्यांना म्हणाले की हे सगळं रेकॉर्ड होतंय आणि अहवालाला लोकसहभाग म्हणून जोडलं जाईल. अभिमानाने म्हणाले. म्हणजे मी हो म्हणणार आणि ते आमच्या गल्लीचं हो ठरणार. अप्पांचं, अम्माचं, सामान बांधून बसलेल्या शेजाऱ्यांचं. मी माझ्या तोंडाने आमचं घर देणार होते, आणि त्याचे मला गुण मिळणार होते.

चंदनने विचारलं, "तळ्याकाठच्या रहिवाशांचं म्हणणं काय?"

मी उभी राहिले. माझं खरं नाव सांगितलं. गल्लीचं नाव सांगितलं. अप्पांचं नाव सांगितलं, ते काय करतात तेही. मग कन्नडमध्ये म्हणाले, "नावु ओप्पोदिल्ला." आम्हाला मान्य नाही.

एक अधिकारी पुढे झुकला. चंदन सरांकडे बघू लागला. सरांनी कॅमेरावाल्याला थांबायची खूण केली. मी त्याला म्हणाले, चालू राहू दे. तो गोंधळला आणि त्या गोंधळात कॅमेरा चालूच राहिला.

सर माझ्याजवळ आले. तेच हसू. तोच मऊ आवाज. मराठीत म्हणाले, "बस खाली. तुझी पदवी माझ्या हातात आहे. शेण उचलायला परत पाठवीन."

इतके दिवस मी अशा वेळी मान खाली घालत होते. त्या दिवशी मान खाली गेलीच नाही. कशी ते मला सांगता येणार नाही. मी मोठ्याने म्हणाले, "सर, हे इंग्रजीत पण सांगा. इथे मराठी सगळ्यांना कळत नाही."

त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं. हसू तसंच चिकटलेलं.

मग मीच सांगितलं. आधी इंग्रजीत, मग कन्नडमध्ये. शब्द न् शब्द. शेणही सोडलं नाही. ज्या मुलीने चिठ्ठ्यांच्या दिवशी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं होतं, तिने डोळे टेबलाकडे वळवले. पाहुण्यांसाठी कॉफी आली. त्यांनी ती प्यायली.

कुणी माझ्या बाजूने उठलं, असं झालं नाही. कॉलेजने मला माफीपत्र लिहून द्यायला सांगितलं आहे. ते देईपर्यंत माझा निकाल अडकलेला राहील. चंदन एकदा जिन्यात भेटला. इकडेतिकडे बघत म्हणाला, अहवाल गेला. त्याला जोडलंय ते सरावाचं रेकॉर्डिंग. त्यात मी हो म्हणते आहे, व्यवस्थित, कुरकुर करून.

खुंट्या आता आमच्या दारापासून हाकेच्या अंतरावर आहेत. काल एक माणूस येऊन चंद्रीचा फोटो काढून गेला. कशासाठी, सांगितलं नाही. अप्पांनी या वेळी महाराजांचं नाव घेतलं नाही. फक्त विचारलं, "पुट्टी, आता काय?"

मी त्यांना सांगितलं. खरी जनसुनावणी लागली आहे. महापालिकेत जाऊन बोलणाऱ्यांत माझं नाव मी नोंदवून आले आहे. दर संध्याकाळी गल्लीतली माणसं आमच्या ओट्यावर जमतात, आणि कुठल्या नियमाखाली काय विचारायचं ते मी त्यांना सांगते. अम्मा पण बोलणार आहे. तिच्या मराठीत, तिच्या कन्नडमध्ये, जशी येईल तशी. त्या रेकॉर्डिंगमधला आवाज माझा आहे आणि ते हो माझं नाही, हे मी अधिकाऱ्यांच्या तोंडावर सांगणार, सर समोर बसलेले असतील तरी.

घर वाचेल का, मला माहीत नाही. बहुतेक नाही वाचणार. पण आमच्या वतीने हो म्हणायला त्यांना यापुढे कुणी मिळणार नाही. पदवी मी घेणार, माफी न मागता. आणि पुढच्या गल्लीत खुंट्या ठोकायला कुणी आलं, तर तिथेही मी आधीच जाऊन बसलेली असेन.