मिलानकाकूंचं नाटक

मिलानकाकूंच्या दुकानात तोंड मिटून बसायची सोय नव्हती. पीडीएफ घेऊन आलात आणि ती वर्डमध्ये करून पाहिजे, तर खुर्ची ओढायची, मूळ कागद हातात धरायचा आणि पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायचं. काकू पडद्यावर बोट फिरवत ऐकणार. मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटात ही कामं करणारी दुकानं कचेरीच्या आसपास खंडीभर आहेत. तिथे फाईल आत टाकतात, बाहेर काढतात आणि तुम्ही चालू लागता. काकूंकडे मात्र मिलान, म्हणजे मुळाशी ताडून बघणं, झाल्याशिवाय फाईल हाती पडत नसे. नाव त्यांचं काहीतरी सुरेखसं होतं, पण गावानं हेच ठेवलं आणि त्यांनीही ते आनंदानं चालवून घेतलं.

सरकारी नोकरीत त्यांची उमर टायपिंगमध्ये गेली. तिथे एकानं वाचायचं, दुसऱ्यानं तपासायचं, मगच साहेबांची सही. निवृत्तीनंतर घराच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटर मांडला, तरी ती सवय सुटली नाही. "मशीनले अक्षर दिसते, मतलब दिसत नाही," असं त्या म्हणत. "मतलब तुह्या तोंडून आयकू आला पायजे."

मी शेजारच्या गल्लीत राहायची. ऑफिस सुटलं की चहाला तिथेच, त्यामुळे या वाचनाची मला फुकटात करमणूक असे. एकदा रामपायलीचे एक गृहस्थ गेल्या वर्षीच्या भंडाऱ्याचं पत्रक घेऊन आले.

"काकू, बस तारीख बदलनी है."

"मंग वाचा."

गृहस्थांनी कपाळाला हात लावला आणि सुरू केलं. प्रमुख पाहुण्यांच्या नावापाशी आले आणि थबकले. "अरे, ये तो नहीं रहे!"

"नुस्ती तारीख बदलून नेली असती तर?" काकू म्हणाल्या आणि ते नाव पुसून टाकलं. उकव्याहून आलेला एक खाणकामगार तर स्वतःच्याच तक्रारीचा अर्ज वाचताना इतका तापला, की काकूंना त्याला पाणी द्यावं लागलं. अशा वेळी त्या खुशीत असत. वाचणाऱ्याला राग आला म्हणजे फाईल बरोबर उतरली, असा त्यांचा हिशेब.

काकूंचे यजमान, आमचे काका, शाळेत मराठी शिकवत. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीसाठी त्यांनी एक विनोदी नाटक लिहिलं होतं. एका बाबूची दूर जंगलातल्या बैहरला बदली होते आणि ती टाळण्यासाठी तो काय काय सोंगं करतो, त्याची गोष्ट. काका खोलीत येरझारा घालत बोलायचे आणि काकू टाइपरायटरवर उतरवायच्या. काका गेल्यावर मुलानं त्या पिवळ्या पानांची पीडीएफ करून दिली. काकू ती कधी कधी उघडून बघत आणि बंद करत.

एका वर्षी मंडळाचं नाटकच अडलं. आमच्या पोरांचं मराठी म्हणजे आजीशी बोलण्यापुरतं. शाळा हिंदीत, भांडण हिंदीत, प्रेमही हिंदीतच करतात. त्यांना काकांचं नाटक करायचं होतं, पण थोडं सोपं करून, थोडं हिंदी मिसळून, बाबूच्या हातात मोबाईल देऊन. नाहीतर यंदापासून नाटक बंद आणि ऑर्केस्ट्रा सुरू, असं मंडळाच्या कारभाऱ्यांनी सांगून टाकलं. बदल करायचे तर वर्ड फाईल हवी. ती मागायला मलाच पुढे केलं.

काकूंनी चहाची कपबशी बाजूला सारली. "एकदा उघडी केली का कोणीबी हात घालन त्यात," त्या म्हणाल्या. "मंग ते त्याईचं राहीन का?"

"नाही केली तर नाटकच राहत नाही, काकू."

"हौ. ते बी खरं हाये."

दुसऱ्या दिवशी फाईल तयार होती. मी मूळ पानं हातात घेऊन खुर्ची ओढली, तर त्यांनी पानं काढून घेतली. "याचं मिलान नाही करत. हे वाचणारा येगळा होता." मी फाईल घेऊन निघाले.

त्या एका फाईलनं घोळ घालायचा तो घातलाच. त्या जुन्या टाइपातले कंस मशीनला कागदावरचे डाग वाटले असावेत. त्यानं ते सगळे झाडून टाकले. कंसात काकांनी नटांसाठी सूचना लिहिल्या होत्या. आता सूचना आणि संवाद एकाच रांगेत उभे राहिले आणि आमच्या गुणी पोरांनी सगळं इमानेइतबारे पाठ केलं.

पहिल्या तालमीला काकू पुढच्या खुर्चीत येऊन बसल्या. बाबू झालेला पोरगा छाती काढून गरजला, "बैहरला बदली? मी नाही जाणार! खुर्चीत धपकन बसतो आणि टोपीनं वारा घेतो!" आणि उभाच राहिला. पाठोपाठ त्याची मुलगी झालेली पोरगी पुढे आली. "बाबा, मी चालले," ती रडवेल्या आवाजात म्हणाली आणि त्याच सुरात पुढे म्हणाली, "डोळे पुसत आत जाते." तीही तिथेच उभी.

काकूंकडे बघायची हिंमत होईना. तेवढ्यात खुर्ची करकरायला लागली. काकू हसत होत्या. पदर तोंडाला लावून, अंगभर हलत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. काका गेल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

"काहून उभे राह्यले रे?" त्या म्हणाल्या. "बसा सारे खाली. पहिल्यापासून वाचा."

मग पुढचे काही दिवस त्यांच्या खोलीत नाटकाचं मिलान चाललं. पोरं अडत, अर्थ विचारत, तेच हिंदीत सांगून बघत. कंस काकूंनी स्वतः बसवले. पण वाक्य बदलायची वेळ आली की त्या उठून खुर्ची पोरांना देत. "तुमी करा. मी नाही हात लावत त्याईच्या लिवण्याले." टोपीनं वारा घेण्याचं वाक्य मात्र पोरांनी हट्टानं बाबूच्या तोंडी ठेवलं. गणपतीत त्या वाक्यावर मांडव डोक्यावर घेतला लोकांनी, आणि ऑर्केस्ट्राचं नाव मागे पडलं.

पुढे गुडघ्यांनी काकूंना दगा दिला. मुलगा त्यांना नागपूरला घेऊन गेला आणि पुढची खोली बंद झाली. त्यांच्याशिवाय चहाची वेळ मला अजून सुनी सुनी वाटते. नाटक मात्र दरवर्षी होतं. पोरं बदलतात, तशी वाक्यंही बदलतात. फाईल माझ्याकडे असते.

यंदा गणपतीच्या आधी काकूंचा फोन आला, नाटक धाड म्हणून. मोबाईलवर पानं विस्कटू नयेत म्हणून मी त्यांना पीडीएफ करून पाठवली. लगेच परत फोन.

"हे काय धाडलं? यात मले लिवता येत नाही."

"तुमाले वाचायलेच पायजे होती न, काकू?"

"दोन वाक्यं घालायची हायेत," त्या म्हणाल्या. "बाबूच्या बायकोच्या तोंडी. चहा आणते अन् जाते बिचारी. त्याईनं साऱ्या नाटकात तिले बोलूच देलं नाही."

मी वर्ड फाईल पाठवली. ती परत आली तेव्हा दोन वाक्यं नव्हती, चांगलं दीड पान होतं. नवऱ्याची सगळी सोंगं ती बाई एकेक करून उघडी पाडते, चहाचा कप हातात तसाच धरून. आजवर ती भूमिका जिच्या वाट्याला येई, ती पोरगी रुसून बसायची. यंदा तिच्यासाठी पोरींची भांडणं लागली आहेत.