पेट्रोलखालचं वाढलेलं पाणी

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एक दादा घामाघूम होऊन मोटरसायकल ढकलत आमच्या पंपावर आले. नाशिक रोडच्या या पंपावर मी पेट्रोल भरते. माझं गाव तिकडे हिंगोलीकडे. शाळा आठवीत सुटली आणि कामासाठी इतक्या लांब आले. कुणी नुसतं ‘ओ ताई’ म्हटलं तरी मला वाटतं, झालं, आपलंच काहीतरी चुकलं.

“काल हिनेच भरलं,” दादांनी माझ्याकडे बोट दाखवलं. “पाणी इकता काय पेट्रोलच्या नावाखाली? थांबा, मोबाइलवर बघितलंय मी, कसं तपासायचं ते.”

आमच्याकडे काचेचा उंच जार असतो. दादांनी त्यात माझ्याच मशीनचं ताजं पेट्रोल घ्यायला लावलं, वरून स्वतःच्या बाटलीतलं बोटभर पाणी ओतलं, आणि जारच्या तोंडावर तळहात ठेवून हलवलं. जार स्थिर झाला तेव्हा तळाशी तीन बोटं पाणी!

“एक मी टाकलं. वरची दोन बोटं यांच्या काकाची काय?”

रांगेतले सगळे गाड्या सोडून जमले. मॅनेजर साहेब हळूच मला म्हणाले, “मशीन सोड, आत जाऊन बस.” मागच्या महिन्यात एकाला असंच आत बसवलं होतं. तो पुन्हा मशीनवर दिसलाच नाही.

मी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी करतेय. खोलीमालकीण काकू विज्ञानाच्या निवृत्त बाई. एक पैसा न घेता शिकवतात, त्यांचे उपकार कसे फेडू कळत नाही. आदल्याच आठवड्यात कार्बनी संयुगं झाली होती. पेट्रोल म्हणजे नुसते कार्बन आणि हायड्रोजन, त्यांचं पाण्याशी जमत नाही. इथेनॉलला मात्र कार्बनच्या जोडीला एक ओएच असतो, पाण्यातल्यासारखाच. “पेट्रोलमध्ये नांदतं गं ते,” काकू म्हणाल्या होत्या, “पण पाणी आलं की माहेरचा माणूस आल्यासारखं पळत सुटतं.”

ऑफिसच्या दारापर्यंत गेलेली मी परत फिरले. “दादा, ती दोन बोटं इथेनॉल आहे. उसाच्या मळीपासून वगैरे करतात ते. सरकारच पेट्रोलमध्ये मिसळायला लावतं. तुम्ही पाणी टाकलं म्हणून ते खाली उतरलं.”

“लय शिकवू नको मला.”

“बरं, मग पाणी न टाकता बघू.” धुतलेला, कोरडा केलेला जार मी पुन्हा भरला. बराच वेळ ठेवला. वरपासून खालपर्यंत एकसारखं, कुठे रेघ नाही. “आधीच पाणी असतं, तर आताच तळाला दिसलं असतं. आता तुमच्या टाकीतलं काढू?”

दादांनीच नळी काढून गाडीच्या टाकीतलं जारमध्ये सोडलं. एक थेंब पाणी घातलं नव्हतं, तरी खाली ठळक वेगळा थर बसला.

मी घाबरत घाबरत विचारलं, “गाडी धुतली होती का?”

मागून एक आजोबा म्हणाले, “अहो, हँडलला झेंडूचा हार दिसतोय की! पूजेआधी वॉशिंगवाल्याकडं नेली आसंल.”

“नेली होती,” दादा पुटपुटले. “फवारा लय जोराचा होता त्याचा, टाकीच्या झाकणावरच मारला.”

“मग गाडीच्या आधी टाकीनंच आंघोळ केली!” आजोबा म्हणाले, आणि दादांसकट सगळे हसले.

जाताना दादांनी विचारलं, “ताई, किती शिकलीस?”

“आठवी.”

“नाय पटत,” म्हणाले, आणि गाडी मेकॅनिककडे ढकलत निघाले.

मी साहेबांकडे बघितलं. आत जाऊन बसायचं की मशीनवर यायचं, कळेना. साहेबांनी रांगेकडे हात केला. “अगं, बघतेस काय? चार गाड्या थांबल्यात.”

मी नोझल उचललं. पुढच्या गाडीवाल्याला सांगताना आवाज रोजच्यापेक्षा मोठा निघाला, “दादा, झिरो बघून घ्या!”