कसाऱ्याचा घाट आणि विमलताई

विमलताई गेली हे मला ऑफिसात फोनवर कळलं. ड्यूटीवर निघताना चप्पल घालायला वाकली आणि उठलीच नाही, असं तिची शेजारीण सांगत होती. ताई माझी थोरली बहीण, नाशिकच्या सरकारी दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डातली सिस्टर. आज महिना झाला, तरी मला तिचा रागच येतो. आम्हाला जरा उशीर झाला की घर डोक्यावर घेणारी बाई स्वतः मात्र कुणाला न सांगता निघून गेली... आता रागवायचं तरी कुणावर?

तिची आठवण काढायला बसलो की मन त्या एकाच प्रवासाकडे जातं. सत्तरच्या दशकातल्या एका थंडीत माझी उज्ज्वला जन्मली. पहिलं बाळंतपण म्हणून बायको माहेरी, विंचूरला होती. रीतीप्रमाणे सासूबाईंनी बाळाच्या जिभेला मधाचं बोट लावलं. तोंडाला फेस आला, तेव्हा घसा सुकला असेल म्हणून पुन्हा एक बोट. बायकोला उठवत नव्हतं, म्हणून सासूबाई आणि मी बाळाला घेऊन ताईच्या वॉर्डात पोचलो, तोवर ओठ जांभळे पडले होते. ताईने बारीक रबरी नळी तोंडातून आत सारली. ती थोडी गेली आणि अडकली. डॉक्टरांनी पाहिलं आणि सांगितलं, अन्ननलिका मध्येच बंद आहे, ऑपरेशन मुंबईलाच होईल आणि आजच निघायला हवं. सासूबाई भिंतीशी बसून, माझ्याच हातून झालं, असं म्हणत रडत होत्या. ताई त्यांच्याजवळ जाऊन म्हणाली, "मावशी, हे पोटातूनच असं आलंय, तुमच्या मधाने झालेलं नाही. पण आता पाण्याचा थेंबसुद्धा द्यायचा नाही."

दवाखान्याची गाडी दुसरा पेशंट घेऊन गेली होती, म्हणून आम्ही टॅक्सी केली. ड्रायव्हर सखाराम घोटीचा. ताईच्या हातात एक छोटी बाटली होती आणि तिला दोन नळ्या. एक नळी बाळाच्या तोंडात, दुसरी ताईच्या. ताईने ओढलं की बाळाच्या घशात साठलेली लाळ बाटलीत यायची. ती लाळ छातीत उतरली तर मुंबई गाठून उपयोग नव्हता. माझ्याकडे काम एकच, बाळाचं डोकं उंच धरायचं. ते हलू नये म्हणून ताईने माझी कोपरं दोन उशांवर टेकवून दिली. घोटीला सखारामने हॉटेलातून चहाचं उकळतं पाणी मागून आणलं. ताईने ते निववून रबरी पिशवीत भरलं, पिशवी स्वतःच्या गालाला लावून पाहिली आणि पदरात गुंडाळून बाळाच्या पायाशी ठेवली. तेवढ्यातही हॉटेलवाल्याला, झाकण नीट बसत नाही तुमच्या किटलीचं, असं सुनावून आली. मला तेव्हा हसू आलं नाही, आता येतं.

घाटाच्या तोंडाशी सखारामने गाडी बाजूला घेतली. म्हणाला, "ताई, देवीला हात जोडल्याबिगर मी गाडी खाली नेत नाय. आजवर कधी नेली नाय." माझा संताप झाला. आम्ही बौद्ध, त्यातून पोर हातातून चाललेलं, आणि याला देवी सुचते. मी तोंड उघडणार, तोच ताई म्हणाली, "जाऊन ये. गाडी हलते तेव्हा मला नीट ओढता येत नाही, तेवढ्यात मी घसा साफ करते." तो तिकडे हात जोडून उभा, इकडे ताई गाल आत ओढून नळी ओढतेय, आणि बाळ निपचित. मी विचारलं, "ताई, आहे ना गं?"

"मला विचारू नको. डोकं वर धर."

मग बाटलीत काहीतरी घट्टसं आलं आणि उज्ज्वला अगदी बारीक आवाजात रडली. ताईने डोळे पुसले नाहीत, तिला वेळ नव्हता. पुढे सखारामने स्वतःहूनच दोन-तीन वळणांवर गाडी थांबवली, तिथे देवी नव्हती.

ऑपरेशन झालं, पोरगी जगली. पण जोडलेली जागा अरुंदच राहिली, पहिला घास हमखास अडकायचा. म्हणून ताई आमच्याकडे जेवायला आली की उज्ज्वलाच्या समोर बसायची आणि तिचा पहिला घास उतरेपर्यंत स्वतःच्या ताटाला हात लावायची नाही. पोरगी मोठी झाली, शाळेत जाऊ लागली, या पहाऱ्याला वैतागू लागली. "गेला गं आत्या, जेव आता," असं करवादायची. ताई आधी तिचा गळा बघायची, मगच भाकरी मोडायची.

ताईच्या जलदानविधीच्या दिवशी पंगत बसली. उज्ज्वलाच्या समोर एक अनोळखी पाहुणे बसले होते, ते केव्हाच जेवायला लागले होते. तिने घास घेतला, पुष्कळ वेळ चावला, गिळला. मग ताटातच बघत, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाली, "गेला, आत्या... जेव तू."