करकोमच्या शोधात खारी बावली

दिल्लीत वर्षानुवर्षं राहून खारी बावलीचा मसालेबाजार न पाहिलेले लोक असतात. मी त्यांतलीच. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये अर्धं आयुष्य गेलं, मसाले मात्र कोपऱ्यावरच्या दुकानातले, पाकीटबंद. यंदा गेले, ती बाबांच्या नाकापायी.

सांगते. आम्ही मराठी ज्यू, बेने इस्रायल. आई गेल्यावर बाबा ठाण्याहून माझ्याकडे राहायला आले. पावसाळ्यानंतर त्यांना ताप आला. ताप उतरला, पण वास गेला तो गेलाच. जेवण बेचव, माणूस गप्प. आणि सगळ्यात वाईट शनिवारची संध्याकाळ. शब्बाथ, म्हणजे आमचा विश्रांतीचा दिवस, संपून आकाशात तारे दिसले, की आमच्यात काहीतरी सुगंधी हुंगून बेराखा म्हणतात, म्हणजे त्या सुगंधासाठी देवाचे आभार मानतात. आमच्या घरात तो मान कायम बाबांचा. पण ज्याला वास येत नाही, त्यानं ही बेराखा म्हणायची नाही असा नियम आहे. "देवाशी खोटं कशाला बोलू?" म्हणत बाबा सब्जाची पानं माझ्या नवऱ्याकडे, डॅनियलकडे, सरकवायचे. गेल्या महिन्यात एका शनिवारी तर ते उठून आतच निघून गेले. मला रडू आलं. डॉक्टर म्हणाले होते, ओळखीचे वास देत राहा, आला तर येईल.

तेव्हा मला करकोम आठवला. आमच्या शास्त्रात एक प्रेमगीत आहे, त्यातल्या बागेच्या वर्णनात हा हिब्रू शब्द येतो. सबंध शास्त्रात तेवढा एकदाच. त्यामुळे तो नक्की काय, हे शेजारच्या जटामांसी, वेखंड, दालचिनी या शब्दांवरून ओळखायचं. बहुतेक जाणकार म्हणतात केशर, आणि बाबाही त्याच पक्षाचे. आई म्हणायची हळद. "जटामांसी हिमालयातली, दालचिनी त्याहून लांबची. एवढी सगळी इथून गेली, मग हळदीनं काय घोडं मारलं होतं?" हा वाद आमच्या घरी दर सणाला ताटाबरोबर वाढला जायचा.

"बाबा, त्या बागेतलं सगळं एकाच बाजारात मिळतं म्हणे. जाऊया?"

"पी हळद अन् हो गोरी, असं असतं का गं रिव्का?" बाबा म्हणाले. पण चपला घातल्या.

आता आमच्यासारखी चूक करू नका. शनिवारी आम्ही खरेदी करत नाही, म्हणून रविवारी गेलो, आणि रविवारी खारी बावली बंद! शटरं बघितली, फतेहपुरीला नानखटाई घेतली, परत आलो. बाबांनी नानखटाई खाल्ली आणि म्हणाले, "भुसा." झालं. मंगळवारी मी रजा टाकली आणि आम्ही पुन्हा निघालो.

आर. के. पुरमहून मेट्रोची मॅजेंटा लाइन, हौज खासला बदलून यलो, उतरायचं चांदनी चौकला. म्हाताऱ्या माणसाला घेऊन जाणार असाल तर ऑफिसची गर्दी ओसरल्यावर निघा. पुढे सायकलरिक्षा. भाडं आधी ठरवा, मी ठरवलं नाही आणि शंभर रुपये मोजले. तोंडाला बांधायला रुमाल हवाच. मिरचीच्या पोत्यांपाशी सगळा रस्ता खोकत असतो. हमाल खोकतात, गिऱ्हाइकं खोकतात, माझ्या डोळ्यांतून पाणी. बाबा मात्र आरामात उभे. एक हमाल थबकून म्हणाला, "वाह अंकलजी, क्या दम है!" बाबा हसले नाहीत.

एका जुन्या दुकानात शिरलो. दुकानदार सरदारजी, वयस्कर, बोलघेवडे. मी काय हवं ते सांगितलं आणि कशासाठी तेही सांगून टाकलं. त्यांनी बाबांना स्टूल दिलं. "बैठिए बाउजी, एक-एक करके देखते हैं."

आधी जटामांसी. बाबांनी हुंगली, मान हलवली. वेखंड. नाही. दालचिनी मोडून नाकाशी धरली. नाही. मग केशराची डबी उघडली. मला दोन हातांवरून घमघमाट आला. बाबांनी डोळे मिटले, भरभरून श्वास घेतला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, अगदी परीक्षेचा निकाल बघावा तशी.

"नाही गं," ते म्हणाले. "चल आता. पाय दुखतात."

माझा इतका हिरमोड झाला की न विचारता मी ते केशर घेऊनच टाकलं. ग्रॅमभर केशराला जो भाव पडला तो इथे लिहीत नाही, डॅनियल हा ब्लॉग वाचतो.

पैसे देत होते, तेवढ्यात मागच्या बाजूला कुणीतरी पोतं सोडलं. पिवळी धूळ उडाली. बाबा उठता उठता थांबले.

"लोणचं," ते म्हणाले.

"काय?"

"कोण लोणचं घालतंय? तुझी आई घालायची तसलं."

सरदारजींनी हातातली नोट तशीच ठेवली, मागे गेले आणि ओंजळभर हळद घेऊन आले. "सांगली का माल है, बाउजी." बाबांनी त्या ओंजळीत चक्क नाक खुपसलं. बराच वेळ वर काढलंच नाही. काढलं तेव्हा डोळे भरलेले, आणि मला म्हणाले, "पुसटसा आहे. पण आहे." मी तिथेच, गिऱ्हाइकांसमोर, हुंदके देऊन रडले. मिरचीमुळे कुणाला काही वाटलं नाही.

परतीच्या मेट्रोत बाबा हळदीची पुडी मांडीवर घेऊन बसले होते. दर दोन स्टेशनांनी उघडून खात्री करायचे. समोरची बाई जरा सरकून बसली.

घरी आल्यावरही सगळे वास आले असं नाही. कॉफी अजून गरम पाणीच आहे. फिरायला म्हणून जाणार असाल तर खारी बावली धूळ, धक्के आणि आरडाओरडा आहे. तरी जा. आमच्या शास्त्रातली बाग तिथे पोत्यांत भरून ठेवलेली आहे, हे मला मोठं नवल वाटलं.

शनिवारी तारे दिसले. डॅनियलनं मेणबत्ती लावली, मी सब्जा ठेवला, शेजारी माझं महागाचं केशर आणि एका वाटीत हळद. बाबांनी डबी बाजूला सारली. वाटी उचलली, हुंगली, थोडं थांबले, पुन्हा हुंगली. मग खणखणीत आवाजात बेराखा म्हटली. आम्ही "आमेन" म्हटलं आणि त्यांच्या नाकाचा पिवळा शेंडा बघून डॅनियलला राहवेना. "बाबा, या वयात हळद लागली की हो!"

बाबा पोटभर हसले. नाक पुसलं नाही. भिंतीवरच्या आईच्या फोटोकडे वळले आणि म्हणाले, "बरं बाई. हळद तर हळद."