दिनकरची निळी तबकडी

सांगलीच्या दवाखान्यातून शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप आला तेव्हा मी दाढी करत होतो. दिनकर गेला... अर्धी दाढी तशीच ठेवून पलूसच्या स्टँडवर धावलो. गाडी लागल्यावर लक्षात आलं, आता कुठं जाणार? आता त्यालाच इकडे आणणार होते. महिना होत आला. अजून ऊन उतरलं की वाटतं, हा बांधावरून हाक मारणार, "वसंता, येतोस का न्हाई रं?" आणि मी खरंच चप्पल घालतो.

दिनकर माझ्या शाळेपासूनचा दोस्त. फौजेतून सुभेदार होऊन पेन्शनीत आला तो परदेशातल्या कुठल्याशा तळावरून दोन प्लॅस्टिकच्या तबकड्या घेऊन. तिथल्या एका गोऱ्या शिपायानं त्याला डिस्क गोल्फ शिकवला होता. लांबून तबकडी फेकायची आणि खांबावरच्या साखळ्यांना लावून खालच्या टोपलीत पाडायची, एवढाच खेळ. आपल्याकडे कुठला आलाय असला खांब? त्यानं ओढ्याकडेच्या लिंबाला बैलगाडीच्या साखळ्या टांगल्या, खाली घमेलं बांधलं. गाव म्हणालं, सुभेदाराचं डोकं फिरलं. मीही म्हणालो, पण तोंडावर. मला गोड बोलता येत नाही आणि दिनकरचं माझ्याशी पटायचं ते म्हणूनच.

दोन्ही तबकड्या 'अंडरस्टेबल'. हा शब्द तो परेडच्या हुकमासारखा उच्चारायचा. "म्हंजी जोरात फेकली की उजवीकडं पळती. निळी जराशी, लाल लयच." लाल वापरून घासलेली. त्याच्या हातून सुटली की थेट उजवीकडच्या उसात. माझ्या हातात जोर बेताचा, त्यामुळं माझ्याकडून ती नाकासमोर जायची. निळीला मात्र खरा दणका लागायचा. तो कमी पडला की ती डावीकडे वळून ओढ्यात. म्हणून निळी त्याची आणि लाल माझी. "लाल म्हाताऱ्यांची," असं म्हणून खो खो हसायचा लेकाचा.

मग पोटाचं दुखणं निघालं. माणूस वाळत चालला, पण खेळ सोडेना. निळी रोज थोडी अलीकडेच डावीकडे पडू लागली. दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवशी दोन्ही तबकड्या पुढं धरून म्हणाला, "कंची घिऊ रं?" हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "लाल घे." त्यानं फेकली. गेली की सरळ! साखळ्या खणखणल्या आणि मी टाळ्या वाजवल्या. तो घमेल्याकडं बघत राहिला, मग म्हणाला, "तूसुदिक लालच म्हनलास." एवढंच. सल्ला चुकीचा नव्हता, आजही विचाराल तर तोच देईन. पण त्याला तबकडी नको होती हो, त्याला अजून आपल्या दंडावर भरवसा असलेलं एक माणूस हवं होतं... आणि विचारलं कुणाला, तर मला.

दहाव्याला कृष्णाकाठी पिंडाला कावळा शिवेना. त्याच्या भावानं शेत विकणार नाही म्हणून सांगितलं. मेहुण्यानं आपल्या बहिणीला, शालनवहिनींना, अंतर देणार नाही असा शब्द दिला. कावळे झाडावर नुसते बसून. वहिनी माझ्याकडं वळल्या, "भावजी, तुमी बोला की कायतरी." माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. तरी हात जोडले आणि सगळ्यांदेखत म्हणालो, "दिन्या, निळी घे. तुझ्या हातात लय जोर हाय." कावळा शिवला. कुणाच्या शब्दानं, देव जाणे.

आता ऊन उतरलं की मी एकटाच जातो. आधी माझी लाल फेकतो, मग त्याची पाळी म्हणून निळी. काल ती डावीकडे वळली आणि ओढ्याच्या पाण्यात पडली. वहिनी बांधापलीकडं वैरण कापत होत्या. तिथून लिंब दिसत नाही. विळा थांबवून त्यांनी विचारलं, "भावजी, ह्यांची लागली का वं साखळीला?"

"लागली की, वहिनी."

त्यांनी कापलेल्या वैरणीची पेंढी बांधली. मग म्हणाल्या, "व्हय. ऐकली मी."