काकूंच्या माहेरची डंगरी

डंगरी घातलेली एखादी मुलगी रस्त्यात दिसली की आमच्या शेजारच्या काकू तिला थांबवत आणि खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरून म्हणत, “ही आमच्याकडची बरं का!” मुलगी ओळखीची असायलाच हवी असं काही नव्हतं.

काकूंचं माहेर मुंबईतल्या डोंगरीचं. लग्न होऊन त्या भिवंडीतल्या निजामपुऱ्यात भाऊंच्या घरी आल्या. भाऊंचे लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, भिंतीपलीकडेच. त्या खडखडाटात ओरडूनच बोलायची सवय, त्यामुळे दोघांचं साधं बोलणंही अर्ध्या गल्लीला ऐकू जाई, आणि भांडण सगळ्या गल्लीला.

भांडणाचा विषय ठरलेला. “तुज्या माहेरात हाय काय? नुसती गर्दी!” भाऊ म्हणत.

“नाव आहे! डंगरी हा शब्द इंग्रजांनी आमच्या डोंगरीवरनं उचलला. तुमच्या भिवंडीचं नाव आहे का कुणाच्या अंगावर?”

“अख्ख्या देशाच्या अंगावर भिवंडीचं कापड हाय.”

“कापड हाय. नाव न्हाय!” हे त्या मुद्दाम सासरच्या बोलीत सांगत.

पुराव्याशिवाय मला काही पटत नाही, म्हणून पंच मीच. शेवटी कॉलेजच्या लायब्ररीत जाऊन जाडजूड इंग्रजी कोश पाहून आलो. काकूंचं बरोबर निघालं. डोंगरीला एक जाडंभरडं सुती कापड विकलं जाई. त्याला डुंगरी म्हणत. ते खलाशांच्या अंगावर गेलं आणि नाव इंग्रजीत शिरलं. मी दोघांसमोर निकाल दिला.

“जाडंभरडं लिवलंय ना?” भाऊ म्हणाले. “मंग बरोबर. ही पन तिकडचीच.”

काकू पोट धरून हसल्या. मला दारापर्यंत सोडायला आल्या तेव्हा मात्र हळूच म्हणाल्या, “तू शोधलंस रे, पण यांनी एकदा तरी तोंडानं म्हणायला हवं.”

भाऊंनी ते म्हटलं नाही. गेल्या वर्षी काकू गेल्या.

परवा धामणकर नाक्यावर एका कपड्यांच्या दुकानाबाहेर भाऊ दिसले. टांगलेल्या डंगरीचा पट्टा चिमटीत धरून दुकानदाराला सांगत होते, “ये हमारी सासुरवाडी का है.”

“नहीं चाचा, दिल्ली का माल है.”

“माल दिल्लीचा आसंल. नाव आमच्या हिच्या माहेरचं हाय.” तेवढ्यात त्यांनी मला पाहिलं. “सांग रे याला. तू वाचलंस ना?”

मी सुरुवात केली, “डोंगरीला एक जाडंभरडं कापड...”

“जाडंभरडं नको,” भाऊ म्हणाले. “चांगलं म्हन.”

कोशात तसं नव्हतं. तरी मी चांगलं म्हणालो.