माया लोकांच्या मक्यात सांगोल्याचा बांध

सत्तरच्या दशकात सोलापुरातून ग्वाटेमालाला शिकायला गेलेला माणूस मी एकटाच. दुसरा कोणी असेल तर त्यानं पुढं यावं, मी त्याला खोटा पाडतो. विषय होता माया लोकांच्या गावांतला विकास आणि पर्यावरण. नव्या पेठेतल्या शिंप्यानं माप घेता घेता विचारलं, "तितं पाऊस हाय का?"

"लई," मी म्हणालो.

"मग तुमी तितं काय शिकवणार?"

"शिकायला चाललोय."

"मग बरं."

तिकडं डोंगरातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या घरी माझी सोय झाली. मका, मक्याच्या ताटावर चढवलेला घेवडा, आणि रान इतकं उभं की पेरताना म्हातारा कमरेला दोरी बांधत असावा. त्याचं स्पॅनिश तोडकं, माझं मोडकं. मधली जागा मी माझ्या दुष्काळी गावाच्या, सांगोल्याच्या बोलीनं भरून ऐकायचो.

"तुला काय येतं रं?"

"बांध घालता येतो, बाबा. दुष्काळी कामावर मी आख्खा तालुका बांधून काढलाय."

खरं तर मी सव्वा महिना पाट्या वाहिल्या होत्या. पण म्हाताऱ्याला पटलं. चार दिवसांत आम्ही उताराला आडवा, छातीएवढा बांध चोपून उभा केला. पाणी जायला वाट ठेवायचं मात्र मला सुचलंच नाही. आलेल्या पाण्याला जायची वाट दाखवणारा माणूस सांगोल्यात अजून जन्मायचाय.

पाचव्या दिवशी दुपारी पाऊस आला. आमच्याकडं पाच वर्षांत पडतो तेवढा चहा उकळेपर्यंत पडून गेला. गुडघाभर मका छातीएवढ्या पाण्यात बुडाला. त्या घराचं वर्षाचं खाणं तेवढंच. बांध फुटला असता तर मातीसकट दरीत गेलं असतं.

म्हातारा कुदळ घेऊन बांधाच्या खडकाळ टोकाशी गेला. मी सवयीनं त्याला आडवा गेलो. "बाबा, एवढं पाणी सोडता?"

"मका लावलाय रं, मासं न्हाईत. सरक."

सरकलो, मीही कुदळ घेतली. संध्याकाळी पाणी उतरलं. ताटं वाकली होती, पण मुळं जाग्यावर होती. आणि बांधाच्या पोटाशी एरवी दरीत जाणारी काळीभोर माती वीतभर साठली होती. म्हाताऱ्यानं ती मुठीत दाबली, हुंगली आणि पोट धरून हसत सुटला.

सकाळी तो मला शेजाऱ्याच्या रानात घेऊन गेला. म्हणाला, "ह्यो लांबनं आलाय. बांध झ्याक घालतो. पाण्याची वाट तेवढी तुमी काढा."

शेजाऱ्यानं मला खालून वर न्याहाळलं आणि दोन कुदळी आणायला घरात गेला.